सतरा नंबरची ड्यूटी

चौदा वर्षांत तिच्या हातून गाडीला साधा ओरखडाही उमटला नव्हता. डेपोत बायका ड्रायव्हर तीनच, आणि त्यांतली सगळ्यात जुनी ती. सगळे तिला ड्रायव्हरबाई म्हणत. तिच्या कंडक्टरचं नाव हजेरीपटाखेरीज कुणाच्या तोंडी नव्हतं; तो लांब्या. इतका उंच की बसमध्ये मान तिरकी करूनच तिकिटं द्यावी लागत, आणि बारा वर्षांत ती मान तशीच राहिली होती. दोघांची जोडी सतरा नंबरवर. हा मार्ग स्टेशनपासून निघून नदीवरचा लांब पूल ओलांडून पलीकडच्या मोठ्या इस्पितळापर्यंत जायचा.

एका मंगळवारी सकाळी पावणेदहाला बस खच्चून भरली होती आणि पुलाच्या मध्यावर पुढच्या गाड्या थांबल्या म्हणून तीही थांबली. रोजचंच होतं. पण त्या दिवशी तिच्या छातीत अचानक कुणीतरी आतून दार ठोठावावं तशी धडधड सुरू झाली. हाताच्या बोटांना मुंग्या आल्या. श्वास घ्यावा तो अर्ध्यातच अडकायचा. घाम फुटला, स्टिअरिंग निसटायला लागलं, आणि समोरचा रस्ता काचेपलीकडे नाही तर कुठल्यातरी चित्रात आहे असं दिसू लागलं. तिला एकच कळलं, की आपण आता मरणार, आणि मागे साठ माणसं आहेत. तिने हॅंडब्रेक ओढला, चारी बाजूंचे दिवे लुकलुकते केले आणि खिडकीतून तोंड बाहेर काढलं.

"काय झालं?" लांब्या पुढे आला.

"छातीत... माणसं उतरव."

लांब्याने प्रवाशांना गाडी बिघडल्याचं सांगून मागच्या बसमध्ये चढवलं, डेपोला फोन केला आणि दुसरा ड्रायव्हर येताच तिला टॅक्सीत घालून इस्पितळात नेलं. तोवर धडधड थांबलीही होती. इस्पितळात ईसीजी काढला, रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला. तरुण डॉक्टरांनी सगळे कागद उलटसुलट पाहिले आणि हसून म्हणाले, "तुम्हाला काहीही झालेलं नाही. थकवा असेल. दोन दिवस आराम करा."

नवरा धावत आला होता. फ्रिज दुरुस्त करणारा माणूस. कॉम्प्रेसर चालू आहे म्हटल्यावर त्याच्या लेखी प्रश्न मिटला. "सुंठीवाचून खोकला गेला," तो म्हणाला, आणि घरी जाताना त्याने तिला आईस्क्रीम खाऊ घातलं.

तिलाही हायसं वाटलं. फक्त 'काहीही झालेलं नाही' हे शब्द कुठेतरी खुपत राहिले. काही झालं नव्हतं तर ते काय होतं?

सहा दिवसांनी पुलावर तेच पुन्हा झालं. या वेळी ती थांबली नाही. दात आवळून, गाणं गुणगुणत, तिने बस पलीकडे नेली आणि स्टॉपवर पोचल्यावर पाच मिनिटं पाणी पीत बसली. लांब्याला काहीच बोलली नाही. पण त्या दिवसापासून तिला पुलापेक्षा जास्त भीती वाटू लागली ती भीतीचीच. सकाळी डोळे उघडले की पहिला विचार, आज येईल का? जरा जिना चढल्यावर छाती धडधडली तरी पाचावर धारण बसायची. ती चहा कमी प्यायला लागली. एकटी असताना मनगटाची नाडी मोजायला लागली. मोजता मोजताच नाडी वाढायची, मग ती आणखी मोजायची.

ड्यूटी लावणाऱ्या कारकुनाला तिने सांगितलं, "पाठ धरलीये, पुलावरचे धक्के सोसत नाहीत. मला नऊ नंबर द्या." नऊ नंबर गावातल्या गावात फिरणारी; जोडी म्हणून लांब्याही तिच्याबरोबर नऊवर आला. पंधरा दिवस बरं गेलं. मग नऊ नंबरच्या वाटेतला उड्डाणपूल नकोसा झाला. मग लांब सिग्नल, जिथे गाडी अडकली की बाहेर पडायला वाट नाही. उड्डाणपूल चुकवायला ती खालच्या रस्त्याने जाऊ लागली. काखेत कळसा नि गावाला वळसा, असं लांब्या एकदाच म्हणाला. उशिराचा शेरा पडू नये म्हणून वहीत तो 'रस्त्याचं काम' असं लिहू लागला. विचारलं मात्र त्याने काही नाही. बारा वर्षं शेजारी काम करणाऱ्या माणसाला जेवढं कळायचं तेवढं कळतं.

घरी सल्ल्यांना तोटा नव्हता. नवरा म्हणाला, "डोक्यात काही आणूच नकोस." शेजारीण म्हणाली, "रिकामं मन..." आणि पुढचं बोलली नाही, कारण दिवसातले दहा तास बस चालवणाऱ्या बाईला रिकामी कसं म्हणायचं हे तिलाच उमजेना. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या लेकीने फोनवर दीर्घ श्वासाचा व्यायाम सांगितला. तो तिने केला. श्वासाकडे लक्ष दिलं की श्वास अडकतोय असंच वाटे.

त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर तिच्या नणंद राहायच्या, नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नव्हतं. वाचनालयात कारकून होत्या, निवृत्त होऊन चार वर्षं झालेली. वन्संच्या जिभेला हाड नव्हतं हे सगळ्या इमारतीला माहीत होतं. दुधवाल्याने एकदा दूध पातळ दिलं तर त्यांनी त्याला बोलावून बाटलीतून पलीकडचं वर्तमानपत्र वाचून दाखवलं होतं.

एका दुपारी डोकं दुखतंय म्हणून ड्यूटी अर्धी टाकून ड्रायव्हरबाई घरी आली. किल्ली नवऱ्याकडे राहिली होती, म्हणून वर गेली. वन्संनी दार उघडलं, तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि ओट्याजवळच्या स्टुलावर बसवलं.

"तू सतरा नंबर सोडलीस."

"पाठ दुखते हो."

"पाठ कुठल्या नंबरच्या बसमध्ये दुखत नाही?"

ती स्टुलाच्या कडेला सरकली.

"मी महिन्यातून एकदा सतरा नंबरने जाते," वन्सं म्हणाल्या. "आधी तू असायचीस म्हणून मुद्दाम मागून चढायचे, तुला दिसू नये म्हणून. आता दोन खेपा तू नाहीस. आणि खाली माझा भाऊ सांगतो, हिला काही झालेलं नाही. पूल टाळतेयस ना?"

स्टुलावर बसल्या बसल्या ड्रायव्हरबाईला रडू कोसळलं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच तिने सगळं सांगितलं. पूल, मुंग्या, नाडी मोजणं, उड्डाणपूल, आणि सगळ्यात शेवटी, मान खाली घालून, "मला वाटतं मला वेड लागतंय."

वन्संनी बटणांचा डबा काढला. त्यात बटणं नव्हती, गोळ्यांच्या पट्ट्या होत्या.

"तीन वर्षं घेतेय. तुमच्या सगळ्यांना ॲसिडिटीच्या म्हणून सांगितल्या."

"म्हणजे?"

"निवृत्तीनंतर मी सात महिने अंथरुणाला खिळले होते, आठवतं?"

आठवत होतं. वन्संनी तेव्हा बोलणं टाकलं होतं. पहाटे जाग यायची ती पुन्हा डोळा लागायचा नाही. केसात कंगवा नाही, पुस्तकाला हात नाही, जेवण पुढे केलं तर दोन घास. घरात सगळ्यांनी ठरवलं होतं की नोकरी सुटली म्हणून बाई रुसून बसल्यात.

"तू रोज संध्याकाळी वर यायचीस," वन्सं म्हणाल्या, "आणि म्हणायचीस, उठा वन्सं, खिडक्या उघडा, चार पावलं चाला, मन रमवा. तुझा हेतू चांगला होता गं. पण खिडकीपर्यंत जायचं म्हणजे मला डोंगर चढायचा होता. तू गेलीस की मी म्हणायचे, बघ, एवढी राबणारी भावजय आपल्यापायी जिने चढते, आणि आपण नुसत्या पसरलेल्या. आपण नसलेलंच बरं."

ड्रायव्हरबाईच्या तोंडात मारल्यासारखं झालं.

"असं कधी बोलला नाहीत."

"कुणाशी बोलणार? वाचनालयातली माझी जुनी मैत्रीण भेटायला आली. तिने एकदाच विचारलं, जगावंसं वाटत नाही का? मी हो म्हटलं. तिने दुसऱ्याच दिवशी मला पलीकडच्या इस्पितळात नेलं. मनाच्या डॉक्टर आहेत तिथे. गुरुवारी जायचंय मला, चल माझ्याबरोबर."

"पुलावरून?"

"पोहत येतेस का?"

गुरुवारी दोघी टॅक्सीने गेल्या. पूल ओलांडताना ड्रायव्हरबाईने डोळे मिटून वन्संचा हात असा काही दाबला की त्यांच्या बोटावर दोन दिवस वळ होता.

डॉक्टर पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर चढवून बसलेल्या. घाई नव्हती. त्यांनी पहिल्या झटक्यापासून सगळं ऐकून घेतलं, इस्पितळाचे जुने कागद पाहिले, थायरॉइडची एक तपासणी राहिली होती ती करायला सांगितली. झोप, भूक, उदास वाटतं का, जीव द्यावासा वाटतो का, सगळं सरळ विचारलं. मग म्हणाल्या, "तुमच्या गाडीत समोर इशाऱ्याचे दिवे असतात ना? दिवा लागला, आणि मेकॅनिकने इंजिन तपासलं तर सगळं ठीक. मग काय समजता?"

"सेन्सर बिघडलाय."

"पण दिवा लागला होता, हे खरं की खोटं?"

"खरं. मी पाहिलेला असतो ना."

"तुमचंही तेच. तुम्हाला जे झालं ते खरंच झालं. हृदय ठीक आहे. धोका नसताना धोक्याचा इशारा पेटतो. याला पॅनिकचा झटका म्हणतात. आठ-दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि उतरतो. याने माणूस मरत नाही, वेडाही होत नाही. तो पुन्हा येईल या भीतीने माणूस जागा टाळायला लागतो, तिथून खरा आजार वाढतो. आधी पूल, मग उड्डाणपूल, मग सिग्नल. उद्या घराचं दार."

"आणि वन्संना झालं ते?"

डॉक्टरांनी वन्संकडे पाहिलं. वन्सं म्हणाल्या, "सांगा की. आता काय लपवायचं?"

"ते नैराश्य. तो वेगळा आजार. तुमचा दिवा उगाच पेटतो, त्यांची बॅटरीच उतरली होती. पुष्कळदा एकाच माणसाला दोन्ही होतात. दोन्ही खूप जणांना होतात, आणि दोन्हींवर उपाय आहेत."

उपाय दोन सांगितले. एक गोळी, जी लागू पडायला चार-सहा आठवडे लागतात आणि सुरुवातीला थोडी हुरहूर वाढवू शकते, म्हणून घाबरून मध्येच सोडायची नाही. आणि दुसरा, ज्या जागा टाळल्या तिथे पायरीपायरीने परत जायचं. भीती चढली तरी पळायचं नाही, ती उतरेपर्यंत तिथेच राहायचं. तोवर बस चालवायची नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

हे शेवटचं सगळ्यात अवघड होतं. गोळीची चिठ्ठी पर्समध्ये ठेवता येते. डेपोत काय सांगायचं? नवऱ्याने त्या दिवशी पहिल्यांदा आवाज चढवला. "डोक्याच्या गोळ्या? सवय लागते त्यांची! आणि डेपोत सांगशील तर जन्मभर खाली मान घालून राहावं लागेल."

"तुझ्या बहिणीला लागली का सवय?" तिने विचारलं.

त्याला काही माहीतच नव्हतं. तो पान्हा हातात घेऊनच वर गेला. वरून तासाभराने आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. त्याने गोळ्यांवर पुन्हा चकार शब्द काढला नाही.

डेपो मॅनेजर म्हणजे जमदग्नी. ती त्यांच्यासमोर उभी राहिली आणि चिठ्ठी टेबलावर ठेवली.

"साहेब, मला पॅनिकचा आजार आहे. उपचार सुरू केलेत. तीन महिने गाडी देऊ नका."

त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. "पाठदुखी म्हणून नऊ नंबर घेतलीत ती याच्यासाठी?"

"हो."

"दोन महिने तुम्ही अशा अवस्थेत माणसं नेलीत?"

"नेली."

"सांगितलं का नाही?"

"आधी मला कळलं नव्हतं काय होतंय. आणि मला कळायला लागलं तेव्हा भीती वाटली, गाडी काढून घ्याल."

"ती मी आता काढून घेणारच आहे," साहेब म्हणाले. आवाज मात्र चढला नाही. त्यांनी तिला हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत बसवलं, आणि खोटं कारण दिल्याबद्दल मेमोही दिला. मग नऊ नंबरची वही मागवून एक मेमो लांब्याला, तिच्यात नसलेली रस्त्याची कामं लिहिल्याबद्दल. तिला त्याच्यासमोर जायची लाज वाटत होती. लांब्या म्हणाला, "नोकरीतला पहिला मेमो. बायकोला दाखवला तर म्हणाली, चला, तुम्हीही काहीतरी केलंत."

हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत एकशे बारा छत्र्या होत्या, एका पायाचे सतरा-अठरा बूट आणि कुणाचीतरी कवळी. ती वस्तूंना चिठ्ठ्या लावायची, येणाऱ्यांना सही करून द्यायची. डेपोत कुजबुज झालीच. "डोक्याची केस आहे," असं कॅन्टीनमध्ये तिच्या पाठीमागे कुणीतरी म्हणालं. तिने वळून पाहिलं तर सगळेच आपापल्या ताटात बघत होते. ते वाक्य तिला आठवडाभर पुरलं. त्यात गोळीने पहिले दहा दिवस हात थरथरायचे, मळमळायचं. दोनदा तिने पट्टी कचऱ्यात टाकली आणि दोनदा काढून धुतली.

संध्याकाळी दोघी पुलावर जायच्या. वन्संचे गुडघे दुखत, तरी काठी टेकत त्या यायच्या. पहिल्या दिवशी नुसतं पुलाच्या तोंडाशी उभं राहायचं. मग पहिल्या दिव्याच्या खांबापर्यंत, मग तिसऱ्या. दुसऱ्या आठवड्यात सातव्या खांबाशी ड्रायव्हरबाईच्या बोटांना मुंग्या आल्या. तिने कठडा धरला.

"वन्सं, परत जाऊ."

"नाही."

"मला नाही होणार. आत्ता पडेन."

"पड. मी काठी घेऊन उभी आहे, लोकांना सांगेन बसची वाट बघतेय." वन्संनी मनगटावरचं घड्याळ पुढे धरलं. "बघ काट्याकडे. लढू नकोस भीतीशी. येऊ दे, जाऊ दे."

गाड्या जात होत्या, पूल पायाखाली किंचित हलत होता, आणि छाती फुटेल असं वाटत होतं. ती काट्याकडे बघत राहिली. आधी भीती वाढली, खूप वाढली, मग तिच्या लक्षात आलं की मघापेक्षा थोडी कमी आहे. कठड्यावरची बोटं सैल झाली.

"अकरा मिनिटं," वन्सं म्हणाल्या. "आता आठव्या खांबापर्यंत चल. माझे गुडघे गार पडायच्या आत."

हे सरळ रेषेत झालं असं नाही. एकदा पूल पूर्ण ओलांडल्यावर दुसऱ्या दिवशी ती पाचव्या खांबापुढे जाऊ शकली नाही. एकदा भर पुलावर वन्संवर ओरडली. पण दीड महिन्याने ती प्रवासी म्हणून सतरा नंबरमध्ये बसली, आधी वन्संबरोबर, मग एकटी, मग मुद्दाम गर्दीच्या वेळी. गोळीही तोवर लागू पडली होती. सकाळचा पहिला विचार चहाचा असायला लागला होता. चौथ्या महिन्यात डॉक्टरांनी आणि डेपोच्या वैद्यकीय मंडळाने कागद दिला. आठवडाभर प्रशिक्षकाला शेजारी बसवून रिकामी बस चालवल्यावर तिला पुन्हा ड्यूटी मिळाली. कारकुनाने विचारलं, "नऊ की सतरा?" ती म्हणाली, "जी रिकामी असेल ती." सतरा रिकामी होती.

त्यानंतर तिला झटके आलेच नाहीत असं नाही. वर्षात दोन आले, त्यांतला एक पुलावर. तिने वेग कमी केला, डावी बाजू धरली, छाती धडधडू दिली. लांब्याला काही कळलं नाही. तो मागे एका प्रवाशाशी सुट्या पैशांवरून हुज्जत घालत होता. कॅन्टीनमध्ये मात्र एक जुना ड्रायव्हर, शक्यतो न बोलणारा, एके दिवशी तिच्या समोर ताट घेऊन बसला आणि ताटाकडे बघतच म्हणाला, "त्या डॉक्टर गुरुवारीच असतात का?"

"रोज असतात. गुरुवारी गर्दी कमी."

त्याने मान हलवली आणि जेवायला लागला.

दीड वर्षानंतरची गोष्ट. तीन-चार दिवस वरच्या मजल्यावरून आवाज आला नाही. दुधाची बाटली दुपारपर्यंत दाराशीच. आवाज आला नाही यापेक्षा तिला खटकलं ते हे, की दुधवाल्याने पुन्हा पाणी घातलं होतं आणि त्याला कुणी काही बोललं नव्हतं. ती वर गेली. वन्सं पलंगावर भिंतीकडे तोंड करून होत्या. खिडक्या बंद होत्या. तिने त्या उघडल्या नाहीत. पलंगाच्या कडेला बसली.

"वन्सं, मागच्यासारखं होतंय का?"

भिंतीकडूनच उत्तर आलं. "हो."

"किती दिवस?"

"झाले दहा-बारा."

"गोळ्या?"

"बरं वाटत होतं म्हणून सोडल्या. कुणाला न विचारता." वन्संनी हे असं सांगितलं जणू चोरी कबूल करतायत.

"जगावंसं वाटतंय का?"

"आज तेवढं वाईट नाही. पण तुम्हाला किती त्रास..."

"त्रासाचं नंतर बघू. अंगावर हेच असू द्या. केस विंचरायचे नाहीत तर नका विंचरू. मी खाली जाऊन डॉक्टरांना फोन करते, तुमचा भाऊ टॅक्सी आणतो."

नवरा टॅक्सी घेऊन आला. जिना उतरायला वन्संना वीस मिनिटं लागली. नवरा-बायको दोघंही दर पायरीवर थांबले, घाई कुणीच केली नाही. डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली, दर आठवड्याला बोलावलं, आणि पहिले काही दिवस त्यांना एकटं ठेवू नका म्हणून सांगितलं. तेव्हा ड्रायव्हरबाईने सुट्टी काढली आणि वरच झोपायला लागली. पहिले तीन आठवडे काहीच फरक दिसला नाही. चौथ्या आठवड्यात वन्सं स्वतःहून आंघोळीला उठल्या. सातव्यात, तपासणीला जाताना, त्यांनी टॅक्सी नको म्हटलं आणि सतरा नंबरमध्ये पुढच्या दारातून चढल्या. अगदी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसल्या. पुलावर गाडी थांबली तेव्हा त्या जाळीला तोंड लावून म्हणाल्या, "ब्रेक फार जोरात लावतेस. माणसं आहोत, बटाटे नव्हे."

लांब्याने तिरक्या मानेने पाहिलं. "तुमचं तिकीट, मावशी."

"देते. आधी हिला गाडी नीट चालवायला सांगा."